टॅब घेण्याआधी वेळापत्रक काढा

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या दोन महिन्यांत आपल्याकडे चार शाळांची पत्रं आली आहेत. दोन उर्दू माध्यमाच्या, दोन मराठी माध्यमाच्या. चौघांची मागणी एकच, मुलांसाठी टॅब द्या. चारही पत्रांत ‘ब्लेंडेड लर्निंग’ हा शब्द आहे. एका पत्रात तो तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा वेगळ्या पद्धतीने लिहिलाय. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला सांगण्यात आलं की कोणता टॅब घ्यावा, किती इंची, किती मेमरीचा, हे शिबिरात सांग. ते मी शेवटी सांगेन. दोन मिनिटांचं काम आहे. बाकीचा वेळ मी दुसऱ्या गोष्टींवर बोलणार आहे, कारण वर्गणीतून जमलेले पैसे एकदाच खर्च होतात.

आधी शब्दाचं बघू. ब्लेंडेड लर्निंगला मराठीत ‘मिश्र अध्ययन’ म्हणतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे आणि समोरासमोरच्या शिक्षणाचं महत्त्व पूर्णपणे मान्य करूनच तो केलेला आहे. आपल्यापैकी पुष्कळांना हा शब्द ऐकला की लॉकडाऊन आठवतं. आईच्या फोनवर लिंक, आवाज येत नाही, चाळीस मुलं एकदम ‘मिस मिस’ करतायत. ते मिश्र अध्ययन नव्हतं. शाळा बंद होती, मिसळायला दुसरी बाजूच नव्हती. मिश्र अध्ययनात मूल शाळेत येतं, शिक्षक समोर असतात, आणि शिकण्याचा काही भाग यंत्राच्या मदतीने होतो. त्या भागात मुलाच्या हातात थोडा ताबा असतो. व्हिडिओ थांबवता येतो, गणित परत करता येतं, कुणी बघत नसताना चुकता येतं. आणि यंत्रावर जे झालं त्याचा दुसऱ्या दिवशी वर्गात उपयोग होतो. हे शेवटचं नसेल तर वर्ग एकीकडे आणि टॅब एकीकडे असे दोन कारखाने चालतात, एवढंच.

भिंतीवर पडदा लावून साठ मुलांना एकच व्हिडिओ दाखवणं, ज्याला आपण ‘डिजिटल वर्ग’ म्हणतो, तेही यात बसत नाही. तो मोठा फळा आहे. वाईट नाही, पण फळाच आहे.

आता यंत्राने मुलं खरंच शिकतात का? यावर आपल्या देशात चांगले प्रयोग झालेत आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. म्हणूनच ती ऐकण्यासारखी आहेत.

अहमदाबादला ‘ज्ञानशाला’ नावाची संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी साधे, कमी खर्चाचे वर्ग चालवते. तिथे ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने एक प्रयोग तपासला. गणिताचं तेच सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरलं गेलं. काही ठिकाणी शाळेच्या वेळेत, म्हणजे शिक्षिकेच्या तासाच्या जागी. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी, जादा वेळ म्हणून. जादा वेळ म्हणून वापरलं तिथे मुलं पुढे गेली. तासाच्या जागी वापरलं तिथे मुलं मागे पडली, आणि थोडीथोडकी नाही. आकड्यात ते उणे ०.५७ प्रमाण विचलन येतं. सोप्या भाषेत सांगायचं तर, शंभरात पन्नासाव्या क्रमांकावर असणारं मूल अठ्ठाविसाव्याच्या आसपास घसरतं. सॉफ्टवेअर तेच, शहर तेच, संस्था तीच. फरक फक्त ते कशाच्या जागी आलं याचा. ज्ञानशालेचे वर्ग मुळात चांगले चालत होते, त्यामुळे तिथे तास काढून घेणं महागात पडलं.

दुसरा प्रयोग दिल्लीचा. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी केलेला, २०१९ साली छापून आलेला. सरकारी शाळांतली सहावी ते नववीची ६१९ मुलं. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून शाळेनंतरच्या केंद्रात मोफत जागा दिली. तिथे ‘माइंडस्पार्क’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. पन्नासाव्या क्रमांकाचं मूल गणितात चौसष्टाव्याच्या जवळ गेलं, असं समजा. एवढ्या थोड्या काळात ही वाढ फार मोठी आहे.

सॉफ्टवेअर विकणारे हा आकडा सांगतात आणि पुढचं सांगत नाहीत. त्या केंद्रात रोज नव्वद मिनिटं असायची. पंचेचाळीस मिनिटं संगणकावर आणि उरलेली पंचेचाळीस मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटात, एका शिकवणाऱ्या माणसाबरोबर. आठवड्यातून सहा दिवस. म्हणजे ०.३७ हा आकडा यंत्र, माणूस आणि जादा वेळ या तिन्हींचा मिळून आहे. यंत्राचा खास गुण एकच होता. मूल आठवीत असलं तरी त्याला येणाऱ्या पातळीपासून ते सुरुवात करायचं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांच्या आसपास जात होतं. वर्गात शिक्षक नववीचं पुस्तक शिकवतायत आणि समोरचं मूल पाचवीच्या भागाकारात अडकलंय. अशा मुलाला वर्षभर शाळेत बसवून जवळपास काहीच मिळत नव्हतं, हेही त्यांनी मोजलं.

आणि एक गोष्ट, जी मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. या मुलांची स्वतंत्र चाचणीत एवढी प्रगती झाली, तरी शाळेच्या स्वतःच्या गणिताच्या परीक्षेत ती नीट दिसली नाही. साहजिक आहे. मूल तिसरीतून पाचवीत आलं, पण पेपर आठवीचा होता. आपण हे काम सुरू केलं आणि सहामाहीत गुण वाढले नाहीत, तर संस्थेचे चिटणीस विचारणार की टॅबचा काय उपयोग झाला. उत्तर तयार हवं. म्हणून सुरुवातीलाच आपली वेगळी चाचणी घ्यायची, तिचे कागद जपून ठेवायचे आणि चार महिन्यांनी तशीच चाचणी परत घ्यायची.

आता घराकडे येतो. मला सर्वांत जास्त काळजी इथली आहे.

मिश्र अध्ययनाचे बरेच प्रकार आहेत. त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रकार म्हणजे ‘फ्लिप्ड क्लासरूम’, उलटा वर्ग. व्हिडिओ मुलांनी घरी बघायचा आणि गृहपाठ वर्गात शिक्षकांसमोर सोडवायचा. कल्पना सुंदर आहे. माझ्या ऑफिसातल्या मित्रांच्या मुलांच्या शाळांत ती चालतेही. आलेल्या चार पत्रांपैकी तीन पत्रांत हाच बेत आहे. मुलांना व्हिडिओची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायची, टॅब शाळेत ठेवायचे किंवा हुशार मुलांना घरी द्यायचे.

२०२४चा ‘असर’ अहवाल ग्रामीण भारताचा आहे. त्यात १४ ते १६ वयाच्या मुलांची स्मार्टफोनविषयी पाहणी आहे. जवळपास नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, आणि ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येतो. हे वाचून वाटतं की प्रश्न सुटला. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन किती जणांकडे? मुलग्यांत ३६.२ टक्के, मुलींत २६.९ टक्के. आणि आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के.

हे झाले देशाचे आकडे. आपल्या मोहल्ल्यात काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी रविवारी ज्या अभ्यासकेंद्रात जातो, तिथे नववीच्या वर्गात एक साधा प्रश्न विचारला होता. घरातला फोन रात्री किती वाजता तुझ्या हातात येतो? मुलग्यांची उत्तरं आठ, साडेआठ. मुलींची उत्तरं दहा, साडेदहा, आणि बऱ्याच जणींचं ‘भाईजान झोपल्यावर’. एक म्हणाली, फोन मिळतो सर, पण अम्मीच्या शेजारी बसूनच बघायचा आणि आवाज बंद ठेवायचा, कारण अब्बू पहाटे लूमवर जातात. आता सांगा, आवाज बंद करून अपूर्णांकांचा व्हिडिओ कसा बघायचा?

त्या मुलीच्या घरच्यांना नावं ठेवायला मी उभा नाही. एका खोलीच्या घरात, एका फोनवर, सहा माणसांत हेच होणार. पण मुलीच्या हातात फोन दिसला की मोहल्ल्यात चार तोंडं बोलतात, हेही खरं आहे, आणि मुलग्याला तो हिशेब नाही, हेही खरं आहे. ही लढाई आपण लढतोच आहोत. पण तिचा निकाल लागेपर्यंत त्या मुलीचं गणित थांबवून ठेवता येणार नाही. उलट्या वर्गाच्या बेतात तिला सकाळी शाळेत विचारलं जाणार, व्हिडिओ बघितला का? नाही म्हटलं की ती मागच्या बाकावर. आधी ती घरच्या कामामुळे मागे पडत होती. आता आपल्या वर्गणीतून आलेल्या योजनेमुळे पडेल. दहावीच्या आधी मुलीची शाळा सोडवायला घरच्यांना एवढं कारण पुरतं की ‘तिचं डोकं चालत नाही’. ते कारण आपण तयार करून द्यायचं का?

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या वस्त्यांतल्या शाळांसाठी उलटा वर्ग परत सरळ करा. पडदा शाळेत, वही घरी. यंत्रावरचं जे काही असेल ते शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळेत किंवा शाळेला लागून असलेल्या जादा तासात. घरी जाईल तो कागद. यावर मतभेद असतील. काल रात्री जेवताना एका कार्यकर्त्याने मला सुनावलं की अशाने मुली फोनपासून आणखी लांब राहतील. मला ते पटत नाही. शाळेत आठवड्यातून दोन-तीनदा स्वतःच्या हाताने टॅब चालवणारी मुलगी घरच्या फोनकडे वेगळ्या नजरेने बघते. घरच्यांशी हुज्जत घालायलाही तिला जोर येतो.

मग शाळेत हे बसवायचं कसं? इथेच बहुतेक योजना मरतात, कारण कुणी वेळापत्रक उघडून बघत नाही.

एक वर्ग घ्या. सातवी, पट साठ, विषय गणित, तास पस्तीस मिनिटांचा. आपल्याकडे टॅब दहा. साठ मुलांना दहा टॅब म्हणजे सहा जणांत एक. एक जण चालवणार, एक जण बघणार, चौघं भांडणार. हे करू नका. साठ मुलांचे वीस-वीसचे तीन गट करा. सोमवारी पहिला गट बाईंसमोर, दुसरा टॅबवर दोघांत एक असा, तिसरा वहीवर. मंगळवारी पुढे सरका, बुधवारी आणखी पुढे. इंग्रजीत याला ‘स्टेशन रोटेशन’ म्हणतात. परदेशी पुस्तकांत हे एकाच तासात फिरवतात, पण तिथले तास लांब असतात आणि वर्गात पंचवीस मुलं. पस्तीस मिनिटांत साठ मुलं तीनदा उठवली तर फक्त बाकांचा आवाज होईल. म्हणून आपल्याकडे एका दिवसाला एक जागा. गणिताचे आठवड्याला सहा तास धरले तर तीन असे आणि तीन नेहमीसारखे, कारण अभ्यासक्रमही पुरा व्हायला हवा. शुक्रवारी लवकर सुटणारी शाळा असेल तर शुक्रवार यात धरू नका. रमजानमध्ये उर्दू शाळांच्या वेळा बदलतात, तास आखूड होतात. ते आठवडे आधीच वगळून कॅलेंडर मांडा. एरवी बरोब्बर मध्यावर काम तुटतं आणि परत जुळत नाही.

गट पाडताना चाचणी घ्यायची. वजाबाकी हातच्याची येते का, भागाकार येतो का, अपूर्णांक येतो का. मुलाला येणाऱ्या पातळीवरून गट पाडायचे, इयत्तेवरून किंवा मागच्या गुणपत्रिकेवरून नाही. ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत अनेक वर्षं चालवून दाखवली आहे, तिला टॅबही लागत नाही. गटांना हुशार आणि कच्चे अशी नावं पडू देऊ नका, आणि दर सहा आठवड्यांनी गट नव्याने पाडा. नाहीतर तिसरा गट हा वर्षभराचा शिक्का होतो, आणि त्या गटात कोणत्या गल्लीतली मुलं असतात हे मी सांगायला नको.

आता हिशेब करून बघू. बाई साठ जणांना पस्तीस मिनिटं शिकवतात तेव्हा एका मुलाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. वीस जणांना शिकवतात तेव्हा एक मिनिट पंचेचाळीस सेकंद, पण तीन दिवसांतून एकदा. गुणाकार केलात तर दोन्ही सारखंच! मग फायदा कुठे? फायदा असा की त्या दिवशी बाईंसमोर एकाच पातळीची वीस मुलं आहेत, आणि ती काल कुठे चुकली हे बाईंना माहीत आहे.

हे ‘काल कुठे चुकली’ कसं कळतं ते सांगतो. समजा विषय अपूर्णांकांची बेरीज. टॅबवरच्या सरावात एक गणित आहे, १/२ + १/३. वीसपैकी बारा मुलांनी उत्तर लिहिलं २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. ही जगभर होणारी चूक आहे. सॉफ्टवेअर फक्त लाल फुली देतं आणि पुढे जातं. पण त्याचा अहवाल बाईंनी मधल्या सुट्टीत बघितला, तर दुसऱ्या दिवशी त्या गटाला त्या एकच प्रश्न विचारतील. अर्धी भाकरी आणि वर एक तृतीयांश भाकरी, मिळून अर्धीपेक्षा जास्त की कमी? आणि २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी. मुलं गप्प होतात. मग एक जण म्हणतो, असं कसं? त्या ‘असं कसं’पर्यंत आणण्याचं काम बाईच करू शकतात. वहीच्या जागेवर त्या दिवशी कागदाच्या घड्या घालून सहाव्या भागाच्या पट्ट्या करायच्या आणि ५/६ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. या तीन जागांचा एकमेकींशी असा धागा हवा. अहवाल बघायला बाईंना दहा मिनिटं लागतात, आणि ही दहा मिनिटं वेळापत्रकात लिहिलेली असली पाहिजेत. ‘त्या बघतील वेळ मिळेल तसं’ असं म्हटलं की ती गेली.

बाईंविषयी थोडं बोलतो. शिक्षकांना आजकाल प्रत्येक जण काहीतरी आणून देतो आणि वर फोटो मागतो. ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी. त्यात आपण टॅब घेऊन जाणार. एका शाळेत मी ही योजना समजावून सांगितली तेव्हा गणिताच्या आपा शांतपणे म्हणाल्या, “मला ॲप नको. साठ वह्या तपासायला एक माणूस दे.” मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअरच्या जगात आहे. इतकी स्वच्छ मागणी मला क्वचितच कुणी दिली आहे. दिल्लीच्या प्रयोगात तो माणूस होताच. आपल्याकडे तो आणता येईल. बारावी झालेली, डी.एड. केलेली, घरी बसलेली मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात आहे. दहा टॅबांना लाखभर रुपये धरा. सहा हजार महिना धरला तर त्या मुलीचं आठ महिन्यांचं मानधन अठ्ठेचाळीस हजार होतं. पाच टॅब आणि एक मदतनीस, हे दहा टॅबांपेक्षा जास्त काम करतं, असं मी छातीठोकपणे सांगतो. टॅबवर मग वीसऐवजी दहा मुलं बसतील. उरलेली दहा आणि वहीचा गट मदतनीस सांभाळेल.

पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले होते. २०१२च्या अभ्यासात गणितात किंवा भाषेत फरक आढळला नाही. आणि एवढ्या लांब जायची गरज नाही. एका शाळेत, नाव घेत नाही, देणगीतून आलेले टॅब दोन वर्षं लोखंडी कपाटात होते. कपाटाची किल्ली एकाकडे, रजिस्टर दुसऱ्याकडे, आणि फुटला तर भरून कोण देणार हे कुणालाच माहीत नव्हतं. बॅटऱ्या फुगून गेल्या. म्हणून देतानाच लेखी ठरवा की नेहमीच्या वापरात फुटला तर शिक्षकांकडून पैसे घेतले जाणार नाहीत. टॅबना मोठे आकडे घाला, जोड्या ठरवून द्या, वाटायला दोन मॉनिटर नेमा, त्यात एक मुलगी. पहिल्या आठवड्यात वाटपातच आठ-दहा मिनिटं जातात. तिसऱ्या आठवड्यात दोन मिनिटांवर येतात.

आता माझ्या धंद्याचं. इंटरनेटवर विसंबू नका. पाच मिनिटांचा साधा व्हिडिओ सुमारे चाळीस एमबी खातो. चाळीस मुलांनी स्वतंत्रपणे बघितला तर दीड जीबीच्या वर गेला, म्हणजे एखाद्या फोनचा दिवसाचा डेटा एका व्हिडिओत संपला. त्यातून सगळे एकदम बघू लागले तर कुणालाच नीट दिसत नाही. यावर तोडगा आहे, आणि तो फुकट आहे. ‘कोलिब्री’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर बसतं. व्हिडिओ आणि सराव एकदाच उतरवून घ्यायचे, मग वर्गातल्या वर्गात वायफायने सगळ्या टॅबना मिळतात. इंटरनेट लागत नाही. शिक्षकांना गट करता येतात, कोण कुठे अडलं ते दिसतं. विज्ञान आणि गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची सादृश्यं आहेत. त्यातली बरीच मराठीत आणि उर्दूतही आहेत, आणि उतरवून घेता येतात. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड ‘दीक्षा’वर नेतात, ती आपल्या अभ्यासक्रमाची सामग्री आहे, ती आधी बघा. बाहेरचं नंतर.

उर्दू शाळांची एक वेगळी अडचण आहे आणि ती कुणी बोलत नाही. उर्दू पुस्तकं नस्तालीक लिपीत असतात, मुलांची नजर त्या वळणाला सरावलेली असते. बऱ्याच फोनवर आणि टॅबवर मात्र उर्दू नस्ख वळणात दिसतं, अरबीसारखं. सहावीचं मूल ते अडखळत वाचतं आणि आपल्याला वाटतं त्याला गणित येत नाही. शिवाय शिक्षकांनी वर्षानुवर्षं ‘इनपेज’मध्ये केलेल्या प्रश्नपत्रिका आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कोणत्याही ॲपमध्ये जात नाहीत. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या वाक्यात डावीकडून उजवीकडे जाणारं समीकरण आलं की चिन्हं जागा बदलतात. ही सगळी सुटणारी कामं आहेत. नस्तालीकचे फॉन्ट मोफत मिळतात. पण त्यासाठी उर्दू वाचणारे आणि संगणक जाणणारे पाच-सहा जण बसायला हवेत. इथे बी.ई., बी.सी.ए. झालेले किती जण आहेत, हात वर करा. बरं. तुमच्याशी जेवणानंतर बोलतो.

माहितीच्या गोपनीयतेबद्दल थोडक्यात. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ साली ४९ देशांतली दीडशेहून जास्त शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तपासली. त्यातली ८९ टक्के मुलांच्या माहितीशी धोकादायक खेळ करत होती. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. आपण मुलांची खरी नावं कोणत्याही ॲपमध्ये घालायची नाहीत. हजेरी क्रमांक पुरतो. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात मुलींचे नंबर टाकायचे नाहीत. एकदा नंबर बाहेर गेला आणि कुणी मेसेज केला, की त्या घरात फोनच काय, शाळाही बंद होते. शाळेला कळवायचं असेल तर शिक्षकांनी पालकांना साधा फोन करावा. बोत्स्वाना देशात शाळा बंद असताना आठवड्याला वीस मिनिटांच्या साध्या फोनने आणि एसएमएसने गणितात फरक पडला, हे मोजून दाखवलेलं आहे. बटणांचा फोन चालतो त्याला.

राहिला टॅब. दहा इंची, चार जीबी रॅम, मेमरी कार्डची जागा असलेला, जाड रबरी कव्हरसह. कंपनी कुठलीही चालेल, पण दुरुस्तीचं केंद्र आपल्या शहरात हवं. हेडफोन दोघांत एक जोड लागतो, ते विसरतात लोक. झाली दोन मिनिटं.

माझा प्रस्ताव असा आहे. चारही शाळांना या महिन्यात टॅब देऊ नयेत. दोन शाळा निवडाव्यात, एक उर्दू, एक मराठी, आणि प्रत्येकी एकच वर्ग, सातवीचा. आधी त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. बदललेलं वेळापत्रक, अहवाल बघायच्या दहा मिनिटांसह. मदतनीस मुलीला वर्गात बसू देण्याची परवानगी. आणि कपाटाची किल्ली गणिताच्या शिक्षकांकडे राहील याचा कागद. हे देणाऱ्या शाळेला पाच टॅब. न देणाऱ्या शाळेला चाचणीचे कागद आणि कागदी पट्ट्या, तेही काही कमी नाही.

पहिली चाचणी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी घ्यायची आहे. एका वर्गाला सहा जण लागतील, मुलाला शेजारी बसवून तोंडी विचारायचं असतं, प्रत्येकाला पाच मिनिटं. उर्दू वाचता येणारे किमान चार हवेत, आणि सहांत तीन तरी मुली असाव्यात. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे, नाव आणि कोणती लिपी वाचता येते एवढंच लिहा.